बागलाण प्रांत : घाटवाटा, बागुलवंश व मयूरगिरी

नाशिक जिल्ह्याच्या वायव्येस, जेथे सह्याद्रीची मुख्य धार डांगांच्या अरण्यावर उभी आहे आणि तिच्यापासून फुटलेल्या शाखा पूर्वेकडे खानदेशच्या मैदानात उतरत जातात, त्या डोंगराळ मुलुखास बागलाण म्हणतात. सांप्रत हे नाव एका तालुक्यापुरते उरले असून त्याचे ठाणे सटाणे येथे आहे. परंतु जुन्या कागदांत व तवारिखांत ज्यास बागलाण म्हटले आहे तो प्रांत याहून पुष्कळच विस्तृत होता. उत्तरेस नंदुरबार व सुलतानपूर, पूर्वेस चांदवड, दक्षिणेस नाशिक-त्र्यंबक आणि पश्चिमेस सुरतेचा मुलूख व फिरंग्यांचा अंमल, अशी त्याची सीमा सांगितलेली आढळते. शाहजहानच्या पादशाहनाम्यात या प्रांतात ९ किल्ले, ३४ परगणे व १००१ गावे असल्याचे नमूद असून हे संस्थान १४०० वर्षे स्वतंत्र चालत आले असेही तेथे म्हटले आहे. पैकी चौदाशे वर्षांचा आकडा ऐतिहासिक म्हणून कोणी स्वीकारणार नाही. तथापि जिंकणाऱ्याच्या पदरच्या लेखकाने जिंकलेल्याच्या प्राचीनत्वाची अशी ग्वाही द्यावी, यावरून त्या घराण्याची प्रतिष्ठा किती रुजली होती हे दिसून येते.

बागलाणचा उल्लेख मराठ्यांच्या इतिहासात बहुधा एकाच प्रसंगाने येतो, तो म्हणजे साल्हेरचा रणसंग्राम. त्या प्रसंगाचे महत्त्व कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्याच्या आधीची निदान तीन शतके या प्रांतावर बागुल राजांचे राज्य होते, त्यांच्या दरबारी संस्कृत महाकाव्य रचले गेले, त्यांच्या टांकसाळीचे नाणे सुरतेच्या पेठेत चालत असे, आणि गुजराथ, खानदेश व दक्षिण या तिहींच्या कचाट्यात सापडूनही हे राज्य तिहींच्या हाती लागले नाही. हे कसे घडले व पुढे ते एकाएकी कसे बुडाले, याचा विचार प्रस्तुत लेखात मुख्यतः करावयाचा आहे. त्यासाठी प्रथम भूमीकडे पाहिले पाहिजे.

बागलाणच्या नद्या गोदावरीस मिळत नाहीत; त्या तापीकडे वाहतात. गिरणा कळवणच्या डोंगरांत उगम पावते. आरम सटाण्यावरून येऊन ठेंगोड्याजवळ तीस मिळते. मोसम मुल्हेर, जायखेडे, नामपूर या गावांवरून वाहत जाऊन मालेगावी गिरणेत पडते. म्हणजे हा प्रांत घाटमाथ्यावरचा असला तरी पाण्याच्या ओढीने खानदेशशी बांधलेला आहे. नद्यांच्या मधून पूर्वपश्चिम डोंगरांच्या ओळी गेल्या आहेत. त्यांतील सेलबारी-डोलबारीची ओळ सर्वांत उंच. साल्हेर (१५६७ मीटर) हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला असून शिखरांत कळसूबाईखालोखाल त्याचा मान आहे. त्याच्या लगत सालोटा, पूर्वेस मोरा व हरगड यांच्यामध्ये मुल्हेर, आणि त्यापलीकडे मांगी-तुंगीचे जोडसुळके. या ओळींना जेथे जेथे खिंड आहे तेथे तेथे वाट आहे, आणि जेथे वाट आहे तेथे माथ्यावर किल्ला आहे. सेलबारीची खिंड ताहाराबादेहून पिंपळनेरकडे उतरते. मुल्हेरच्या पश्चिमेच्या वाटा डांगांतून गुजराथेत जातात. सुरत बंदरी उतरलेला माल दौलताबादेकडे न्यावयाचा तर बागलाणातून जाणे हाच जवळचा मार्ग. व बऱ्हाणपुराकडे जाणारा सुरतेचा रस्ताही नवापुरावरून या प्रांताच्या उत्तर अंगास लागूनच जात असे. नवापूरच्या कस्तुरीसारख्या वासाच्या तांदळाची टॅव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने मुद्दाम वाखाणणी केली आहे.

या भूमीविषयी परकीयांनी जे लिहिले त्यात एक गोष्ट पुनःपुन्हा येते, ती फळे व पाणी. ऐन-इ-अकबरीत सुरत व नंदुरबार यांच्यामधील डोंगराळ पण दाट वस्तीचा मुलूख असे बागलाणचे वर्णन असून द्राक्षे, डाळिंबे, अननस आदि फळांची यादी दिली आहे. जहांगीर पादशहाने आपल्या आत्मवृत्तात मुल्हेरचे झरे व वाहते पाणी यांची तारीफ केली आहे. आंबे मोठे व गोड असून वर्षाचे नऊ महिने मिळतात असे तो सांगतो, आणि द्राक्षे विपुल असली तरी उत्तम जातीची नव्हत असा शेराही मारतो. सांप्रत सटाण्याकडील डाळिंबे व हंगामाआधी येणारी द्राक्षे दूरदूरच्या बाजारी जातात; जहांगिराचा शेरा त्या बागाइतदारांस मानवेल असे वाटत नाही.

हे बागाइत केवळ निसर्गदत्त नव्हे. मोसम, आरम व पलीकडील पांझरा या नद्यांवर ठिकठिकाणी लहान बंधारे घालून पाटाने पाणी काढण्याची जुनी चाल आहे, तीस फड पद्धती म्हणतात. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडतात. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, मग मालक कितीही असोत. यंदा ज्या फडात ऊस तेथे पुढे दुसरे पीक, असा फेर चालतो. प्रत्येकाची जमीन बहुधा प्रत्येक फडात थोडीथोडी असते, त्यामुळे कोणा एकासच पाण्याचा लाभ वा तोटा होत नाही. पाणी सोडण्यास पाटकरी, राखणीस जागले. त्यांचे वेतन गावाने द्यावयाचे. पाट फुटला तर सर्वांनी मिळून बांधावयाचा. राजे व सुभे बदलले तरी ही व्यवस्था गावकऱ्यांच्या हाती राहिली, म्हणूनच ती टिकली असे आमचे मत आहे. राजकीय इतिहास लिहिणाऱ्यांनी या पाटांकडे दुर्लक्ष केले, पण किल्ल्यांतील शिबंदीचे धान्य याच पाटांवर पिकत होते हे विसरून चालावयाचे नाही.

आता राजवंशाकडे वळू. बागलाणचे नाव तवारिखांत प्रथम ठळकपणे येते ते गुजराथच्या कर्ण वाघेल्याच्या प्रसंगाने. अलाउद्दीन खिलजीच्या फौजांनी १२९९ मध्ये गुजराथ घेतल्यावर कर्ण राजा येऊन राहिला तो बागलाणात. पुढे १३०६-०७ च्या सुमारास त्याची कन्या देवलदेवी देवगिरीस यादवांकडे पाठविली जात असता वेरूळच्या लेण्यांजवळ पकडली गेली, ही फिरिश्त्याची कथा प्रसिद्धच आहे. अमीर खुस्रोने तिच्यावर काव्य रचल्याने तीस जे रंग चढले ते कितपत खरे याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, आणि आमच्या विषयास त्यांचे प्रयोजनही नाही. आम्हास एवढेच घ्यावयाचे आहे की, परागंदा राजास आश्रय घेण्याजोगा, दोन सत्तांमधला अवघड मुलूख अशी बागलाणची ख्याती तेव्हापासून होती.

बागुल राजे आपणास राठोड म्हणवीत. त्यांच्या वंशाचा स्वतःचा असा एकच विस्तृत ग्रंथ आपणापर्यंत आला आहे, तो रुद्रकवीचे 'राष्ट्रौढवंशमहाकाव्य'. नारायणशाहाच्या आज्ञेवरून मयूरगिरीस, म्हणजे मुल्हेरास, शके १५१८ (इ. स. १५९६) मध्ये हे काव्य पुरे झाले. त्याचे वीस सर्ग असून कनोजच्या मूळ पुरुषापासून नारायणशाहापर्यंत वंशकथन केले आहे. कवी दाक्षिणात्य. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत पाचवा ग्रंथ म्हणून १९१७ मध्ये चिमणलाल दलाल यांच्या प्रस्तावनेसह हा छापला गेला. साल्हेरचा किल्ला त्या वेळी बडोदे संस्थानाकडेच होता. किल्ला व त्या किल्ल्याच्या राजांचे काव्य ही दोन्ही एकाच छत्राखाली यावीत हा योग मोठा चमत्कारिक खरा.

महाकाव्याचे आरंभीचे सर्ग इतिहास म्हणून वापरता येत नाहीत. पौराणिक जन्मकथा, दिग्विजय, ऋतुवर्णन ही महाकाव्याची ठराविक सामग्री तेथे आहेच. परंतु कवीच्या काळाजवळचा भाग आला म्हणजे त्याचे मोल बदलते. तो दरबारात वावरणारा मनुष्य होता, आणि पदरच्या कवीने काय सांगितले याइतकेच त्याने काय सांगितले नाही हेही पाहण्यासारखे असते. मुसलमानी तवारिखांत या राजांची नावे बहुधा येतच नाहीत. प्रत्येक राजास त्या 'बहरजी' एवढेच म्हणतात. ही गादीवर बसणाऱ्याची पदवी होती, व जहांगीरही प्रतापाविषयी बोलताना, येथील प्रत्येक राजास हेच नाव देतात असा खुलासा करतो. भैरव, नारायण, प्रताप ही निरनिराळी माणसे निरनिराळी म्हणून ओळखू येतात ती या काव्यामुळे. एक पोथी नष्ट झाली असती तर एक वंशच्या वंश एका पदवीत बुडून गेला असता.

रुद्रकवीची कामगिरी येथेच संपत नाही. नारायणशाहानंतर प्रतापशाहाच्या आश्रयाने त्याने आणखी काही संस्कृत चरिते लिहिली. ती मात्र बागुलांची नव्हेत, मोगलांची. अकबरपुत्र दानियाल, सेनापति अब्दुररहीम खानखानान आणि पुढे जहांगीर हे त्यांचे नायक. खानखानानाचे चरित १६०९ चे आहे. वरवर पाहता ही भाटगिरी वाटेल; आमच्या मते ती वकिली आहे. दानियाल व खानखानान हे दक्षिणेतील मोगली कारभाराचे मुखत्यार. बागलाणचे बरेवाईट त्यांच्या हाती. सैन्याने ज्याच्याशी बरोबरी करता येत नाही त्याच्यापाशी श्लोकांच्या द्वारे रदबदली करावयाची, आणि तीही हिंदी-फारशी काव्याचा रसिक म्हणून नावाजलेल्या खानखानानापाशी, यात प्रतापशाहाचे चातुर्य दिसते. राजकारणाची साधने म्हणून पत्रे व करारमदार आपण जपतो. ही चरितेही त्याच दप्तरात ठेवावयास हवीत.

प्रतापशाहाच्या काळचे दुसरे वर्णन इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याचे आहे. तो १६०८ ते १६११ पर्यंत या देशात होता. अकबराने प्रतापशाहास सात वर्षे वेढा घातला, पण आत चारा, धान्य व पाणी भरपूर आणि खिंडी इतक्या अरुंद की दोघांहून अधिक माणसांस एका ओळीने जाता येऊ नये. अखेर पादशहाने निजामपूर वगैरे गावे देऊन तह केला, असे तो सांगतो. त्या तहाच्या अटी अशा की, राजाने आपल्या मुलुखातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांचे रक्षण करावे, पादशहास नजराणे पाठवावे व एक पुत्र बऱ्हाणपुरास ओलीस ठेवावा. पैकी सात वर्षांचा वेढा ही अतिशयोक्ति होय. खानदेश हाती येऊन असीरगड पडला तो १६०१ च्या आरंभी, आणि त्याच वर्षी अकबर उत्तरेस परतला. पादशहाच्या दक्षिणेतील मुक्कामात सात वर्षे कोठेच बसत नाहीत. शिवाय जहांगीर सांगतो तो प्रकार निराळा. त्याच्या मते गुजराथ, खानदेश व दक्षिण यांच्या राजांशी बहरजी सावधपणे सलोखा राखी, मात्र त्यांपैकी कोणाच्याही भेटीस स्वतः कधी गेला नाही. हे तिन्ही प्रांत अकबराकडे आल्यावर तो बऱ्हाणपुरास येऊन पादशहाच्या पायां पडला व तीन हजारी मनसब पावला. दोन्ही वृत्तांतांत जुळणारा भाग आम्ही ग्राह्य धरतो. तो असा की प्रांत लढून घेतला गेला नाही, आणि राजास जिवंत ठेवण्याचे कारण वाटांची राखण हे होते.

जहांगीराच्या त्या वाक्यात बागलाणच्या इतिहासाची किल्ली आहे असे आम्हास वाटते. किल्ल्यांच्या बिकटपणावर सारे लेखक भर देतात, परंतु केवळ कड्यांनी राज्य राखले जात नाही. बागुलांचे राज्य टिकले ते तीन शेजारी होते म्हणून. गुजराथचा सुलतान जड झाला तर दक्षिणेकडे पाहावे, दक्षिणेचा जड झाला तर खानदेशाकडे. आणि तिघांनाही या वाटा चालू हव्या असल्याने तिघांपैकी एकाने त्या बळकावणे इतर दोघांस परवडत नसे. अकबराने गुजराथ घेतली १५७३ मध्ये; खानदेश गेला १६०१ मध्ये; निजामशाही १६३६ मध्ये बुडाली. या तीन सालांनंतर बागलाणच्या चहूं अंगांस एकच धनी झाला. मग खिंडी तितक्याच अरुंद राहूनही दोन वर्षांच्या आत राज्य संपले.

१६३८ च्या आरंभी दक्षिणेचा सुभेदार शाहजादा औरंगजेब याच्या हुकुमाने मालोजी दखनी, मुहम्मद ताहीर वगैरे सरदार मुल्हेरवर चालून गेले. पायथ्याची वस्ती हाती आल्यावर बहरजीने आपली आई व वकील यांजबरोबर आठ किल्ल्यांच्या किल्ल्या पाठवून दिल्या आणि सुलतानपूर परगणा मिळावा एवढी मागणी केली. ती मान्य झाली. पिंपळ्याचा किल्ला राजाच्या एका आप्ताकडे होता, त्यास निराळा वेढा द्यावा लागला. रामनगर जावयाकडे होते. फार रक्त सांडले नाही. ज्या घराण्यास चौदाशे वर्षांचे म्हणून गौरविले त्याचा शेवट एका परगण्याच्या मोबदल्यात झाला.

यानंतरचा काळ मराठी वाचकांच्या परिचयाचा असल्याने थोडक्यात सांगू. सुरतेची दुसरी लूट करून १६७० च्या आक्टोबरात शिवाजी महाराज परतले ते बागलाणातूनच, व घाट उतरताना वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाशी त्यांची लढाई झाली. १६७१ च्या आरंभी साल्हेर मराठ्यांनी घेतला. १६७२ मध्ये इखलासखान व बहलोलखान यांनी घातलेला वेढा मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांनी दोन बाजूंनी येऊन मोडला. सूर्यराव काकडे त्या रणात पडले. सभासदाने या युद्धाचे जे वर्णन केले आहे ते मराठी गद्याच्या उत्तम उताऱ्यांत गणावे लागेल. मोकळ्या मैदानावर मोगली फौजेचा एवढा मोड मराठ्यांनी प्रथमच केला. बागलाणच्या दृष्टीने पाहिले तर येथेही प्रश्न वाटांचाच होता. सुरतेवर ज्यास जरब बसवावयाची त्याच्या हाती साल्हेर-मुल्हेर असलेच पाहिजेत. पुढे मोगल, निजाम, पेशवे असे अंमल बदलत १८१८ मध्ये प्रांत इंग्रजांकडे गेला. खानदेशात मोडत होता तो १८६९ पासून नाशिक जिल्ह्यात आला. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशांतील बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांत साल्हेर आहे. मुल्हेर नाही. राजधानी मागे राहून रणभूमी पुढे आली.

लोकजीवनाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण वर सांगितलेली त्रिवेणी तेथेही दिसते. येथील बोली अहिराणीच्या कुळातली. तीत गुजराथीची झाक स्पष्ट ऐकू येते. मुल्हेरास उद्धव महाराजांच्या समाधिमंदिरात कोजागरीच्या रात्री रासक्रीडेचा उत्सव होतो. केळीची पाने व फुले बांधलेले मोठे लाकडी चक्र उभारून त्याखाली रात्रभर पदे म्हणतात. ती पदे एकट्या मराठीतली नाहीत, हिंदी व गुजराथी वळणाचीही आहेत. पश्चिमेच्या डोंगरांत कोकणा व भिल्ल लोक मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव करतात, तेव्हा पावरीच्या सुरावर रिंगण धरून नाचतात. कोकण्यांत थाळीवर मेणाने काडी रोवून तिच्या नादावर कथा सांगण्याची चाल आहे, तीत धान्याची देवी कणसरी मुख्य. मांगी-तुंगी हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र. तेथे २०१६ मध्ये १०८ फूट उंचीची ऋषभदेवांची मूर्ति स्थापन झाली. साल्हेरच्या माथ्यावर परशुरामाचे लहानसे देऊळ असून तेथूनच त्याने बाण सोडून समुद्र हटविला असे लोक सांगतात. सटाण्याचे देव मामलेदार यशवंतराव महाराज (१८१५-१८८७) यांनी १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी खजिना गोरगरिबांस वाटला, आणि तपासणीस तो भरलेला निघाला अशी श्रद्धा आहे. एका महसुली अधिकाऱ्याचे मंदिर व्हावे आणि त्याची यात्रा भरावी, असे उदाहरण आम्हास दुसरे आठवत नाही.

संग्राहकांपुढे एक गोष्ट मांडावयाची आहे, ती नाण्यांविषयी. मुल्हेरच्या टांकसाळीत महमुदी नावाचे रुप्याचे नाणे पाडीत. दोन रुपयांस साधारणतः पाच, असा त्याचा भाव असे. सुरतेच्या इंग्रज वखारीचे हिशेब कित्येक वर्षे महमुदींतच लिहिलेले आहेत, आणि प्रतापशाह हे नाणे पाडतो असे फिंचही सांगतो. मात्र नाण्यावर बागुल राजाचे नाव नाही. त्यावर अकबराचे नाव आहे. यामुळे ही नाणी पुष्कळ काळ गुजराथच्या सुभ्यातील मोगली नाणी म्हणूनच समजली गेली, व अनेक खासगी संग्रहांत ती त्याच खणात पडून असण्याचा संभव आहे. व्यापाऱ्यांचा ज्या नावावर विश्वास बसला ते नाव राजाने बदलले नाही. अकबर वारल्यावरही त्याच्याच नावाने ठसे चालू राहिले. म्हणून ज्यांच्यापाशी अकबराच्या नावाची महमुदी असेल त्यांनी तीवरील हिजरी साल तेवढे वाचून पाहावे. अकबराचा मृत्यु हिजरी १०१४ चा. त्यापुढील साल निघाल्यास ते नाणे आग्र्याच्या पादशहाचे नव्हे, मयूरगिरीच्या बागुलाचे म्हणून निराळे ठेवावे, आणि वजन व ठसा यांची नोंद करून ठेवावी.